कमळीने भाजलेला सकर मासा

जाळं इतकं जड झालं होतं की ओढणाऱ्या चौघांचे पाय चिखलात रुतले. "आलं, आलं!" कमळी काठावरून ओरडली आणि मीही वय विसरून उठून उभी राहिले.

माझे यजमान होते तेव्हापासून कमळी आमच्या पालघरच्या वाडीत चिकू काढायला येते. तिचा पाडा सरावलीच्या पुढे, डोंगराकडे. कारखान्यांचं पाणी तिथवर पोचत नाही. त्या दिवशी तिच्या लेकीला, दीपालीला मागणी घालायला जिवल्या आणि त्याचा मुलगा हितेश येणार होते, म्हणून तिने मलाही बोलावलं होतं. पोरांचं बोईसरला कंपनीत आधीच जमलं होतं. राहिला होता जिवल्याचा होकार. सोयऱ्यांना आपल्या तलावाचा मासा वाढायचा, ही पाड्याची रीत. त्यात कमळीने आठवडी बाजारात जिवल्यापाशी तलावाची बढाई मारून ठेवलेली.

जाळं उघडलं. तलावातले नेहमीचे मासे, शिंगटी, मळ्या, एकही नाही. सगळे काळे, काटेरी, अंगभर चिलखत घातलेले सकर मासे! कुणीतरी घरच्या काचेच्या पेटीतले आणून सोडले आणि बघता बघता तलाव त्यांचा झाला. जाळं ओढणारी पोरं शिव्या देत ते काठावर फेकू लागली.

"कमळे, जा आता बोईसरला, कोंबडी आन," तिचा भाऊ बुधा म्हणाला.

"गप रे!" कमळीने एक मासा उचलून कोयता मारला. कोयता घसरला. तिने मासा उलटा करून पाहिला आणि एकदम हसली. "बाय, चिंबोरी आपन सोलून रांधतो का?"

खेकड्यासारखंच कवच, पोट तेवढं मऊ होतं. तिथून आतडी काढून तिने मासा अख्खाच निखाऱ्यांवर ठेवला. कवच तडतडलं, वास सुटला. फोडलं तर आत पांढरंशुभ्र मांस. पहिला घास तिने खाल्ला, दुसरा मला दिला. थेट कोलंबीची आठवण यावी अशी चव! आम्ही दोघी ओरडलोच.

दुपारी जिवल्या पानावर बसला. "हा कंचा दगड वाढलास?"

"फोडा की. हातात जोर नाय काय?"

त्याने फोडला. खाल्ला. दारामागे दीपालीने माझा हात घट्ट धरला होता. जिवल्याने दुसरा मासा ओढला, तिसरा ओढला.

"आमच्या बंधाऱ्यात हेच भरलंय," तो शेवटी म्हणाला. "आमी फेकून देतो. भाजायला आमच्या बायांना कोन शिकवनार?"

कमळी काही बोलायच्या आत माझ्या शेजारून दीपालीचा आवाज आला, "मी शिकवीन."

हितेशला ठसका लागला. जिवल्या मोठ्याने हसला. "मग लौकर धाडा हिला. आनि आता अजून वाढा!"

अजून कुठले? बुधा पाटी घेऊन तलावाकडे धावला, त्याच्यामागे आम्ही सगळे. सकाळी फेकलेले ते चिवट मासे काठावर, पाण्याबाहेर, अजून जिवंत होते.