रंगनाथदादांना वेळ नव्हता

श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात रंगनाथदादा चौतीस वर्षं पॅनमन होते. पॅनमनचं काम म्हणजे रस आटत असताना साखरेचा दाणा कधी धरतो ते ओळखायचं. काचेच्या तुकड्यावर थेंब घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि 'झालं' किंवा 'न्हाई' म्हणायचं. यापेक्षा जास्त बोलायची त्यांना सवय नव्हती. एप्रिलमध्ये गाळप संपलं तेव्हा ते निवृत्त झाले. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या पायात येऊ लागले.

घरात बाकी तिघं होते आणि तिघांनाही कामं होती. मुलगा हर्षल त्याच कारखान्यात पाळीवर जायचा. सून निकिता सरकारी दवाखान्यात नर्स. सकाळी साडेसातला तिची स्कूटी फाटकाबाहेर पडायची. बायको रतनबाई दोन म्हशी, अडीच एकर आणि स्वयंपाक असं सगळं बघायच्या.

त्या डिसेंबरात ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं होतं. पॅनलच्या मंडळींनी रतनबाईंना उभं केलं. त्यांचा हिशोब सरळ होता. दादा शांत माणूस, गावात मान, आता मोकळेच आहेत. बाई निवडून येतील आणि काम दादा बघतील. रतनबाईंनाही तसंच वाटत होतं. दादांना कुणी विचारलं नव्हतं. रतनबाई एकशे बारा मतांनी निवडून आल्या.

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांना आठ वाजताच ग्रामपंचायतीत बोलावलं. निकिता ड्युटीवर गेलेली, हर्षल रात्रपाळी करून झोपलेला. दादा अकरापर्यंत ओट्याकडे बघत बसले. तिकडे काहीच घडेना, म्हणून उठून त्यांनी गॅस पेटवला.

पहिली बाजरीची भाकरी परातीतच चार ठिकाणी फाटली. दुसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथं फाटली. संध्याकाळी निकितानं पीठ चिमटीत घेऊन बघितलं.

"आबा, पीठ जुनं झालंय. बाजरी थोडी थोडीच दळून आणायची. आणि पाणी कढत घ्या."

"किती कढत?"

"हाताला सोसेल इतकं."

"कुनाच्या हाताला?"

निकिता हसली, पण दादांनी गंभीरपणे विचारलं होतं. चौथ्या दिवशी भाकरी फुगली. दादांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "झालं."

त्याच आठवड्यात उपसरपंच अजिनाथ कागदांची फाईल घेऊन घरी आला. दादा पोळपाटावर तिळगुळाच्या वड्या कापत होते.

"दादा, एवढ्या सह्या घ्यायच्या हुत्या."

"सरपंच हापिसात हाय."

"वहिनी सही करतील हो. पन तुमी एकदा वाचून सांगितलं असतं..."

"मला येळ न्हाई," दादा म्हणाले. "तुला आसंल, तर एवढा वाटाणा सोल."

अजिनाथनं अर्धा किलो वाटाणा सोलला. मग लांबच्या गल्लीतले दोघं पाण्याची तक्रार घेऊन आले. त्यांना मेथी निवडायला मिळाली. पंधरा दिवसांत गावाला एवढं कळलं की दादांकडे गेलं की काम होत नाही, करावं लागतं. लोक ग्रामपंचायतीत जाऊ लागले.

रतनबाईंना याचं अजिबात कौतुक नव्हतं. सरपंचाच्या खुर्चीपेक्षा म्हशींचा गोठा बरा, असं त्या म्हणायच्या. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी विषय काढला.

"उद्या तुमी चला संगं."

"मागं एकदा आल्तो. सगळी माझ्याशीच बोलत हुती. तू कोपऱ्यात बसलीस."

"मग बसंन कोपऱ्यात! माझं काय जातंय?"

दादांनी ताटं वाढली. रतनबाई जेवल्या नाहीत. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी ताट बाजूला सारल्याचं दादांनी पाहिलं नव्हतं, आणि आता तर ताटातलं सगळं दादांनीच केलेलं होतं. सकाळी रतनबाई नवीन लुगड्याची घडी मोडून एकट्याच निघाल्या. फाटकाशी थांबल्या, मागं वळून बघितलं. दादा दारात उभे होते, हाताला पीठ लागलेलं. ते आत वळले.

सभा शाळेच्या पटांगणात होती आणि कर्ण्याचा आवाज सगळ्या गावात जायचा. दादांनी भरतासाठी वांगं गॅसवर ठेवलं आणि गच्चीवर गेले. ग्रामसेवकानं विषय वाचले. मग गलका झाला. खालच्या गल्लीला दोन तास पाणी आणि लांबच्या गल्लीला वीस मिनिटं, असं का, हा वाद. त्यातून एक आवाज वर आला, "बाईंना काय कळतंय? दादांना बोलवा!"

कर्णा गप्प झाला. नुसती खरखर ऐकू येत होती. दादांनी कठडा घट्ट धरला. पायांना जिना उतरायचा होता. त्यांनी तो उतरू दिला नाही. ते पुढं कधीतरी निकिताला म्हणाले, की चौतीस वर्षांत एकदाच पॅनचा व्हॉल्व्ह अडकला होता, तेव्हासुद्धा ते एवढे घाबरले नव्हते.

मग रतनबाईंचा आवाज आला. जरा चिरका, पण त्यांचाच.

"दादा भाकरी थापत्यात. त्यांना येळ न्हाई. पान्याचं मला इचारा."

पटांगण हसलं. हसणं संपेपर्यंत त्या थांबल्या. "उद्या सकाळी सहाला मी टाकीपाशी येते. ज्यांना पानी येत न्हाई त्यांनी यावं. ज्यांना लई येतंय त्यांनीबी यावं. चावी कोन कशी फिरवतंय ते समद्यांच्या म्होरं बघू."

दादा खाली आले तेव्हा वांगं पार करपलेलं होतं. त्याचं भरीत होण्यासारखं नव्हतं. त्यांनी पिठलं टाकलं. रतनबाई दुपारी आल्या आणि तीन भाकरी खाल्ल्या.

पाण्याचं लगेच सुटलं नाही. सहा वाजताचा तो फेरा मार्च संपेपर्यंत चालला. चावी फिरवणाऱ्या माणसानं दोनदा राजीनामा दिला आणि दोनदा परत घेतला. पण लांबच्या गल्लीला आता तासभर पाणी येतं.

एप्रिलमध्ये कुरडयांचे दिवस आले. शेजारच्या भागूबाईंनी येऊन सांगितलं, "औंदा तुमच्याकडं कुरडया न्हाई व्हनार, रतन कुठं घरी असती?" दादांनी गहू तीन दिवस भिजत घातला, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला. चीक शिजवायला बसले तशी भागूबाई पदर खोचून पुढं झाल्या, की हे पुरुषाचं काम नव्हे, गुठळी होते. दादांनी पळी सोडली नाही. दाट होत चाललेली पांढरी वस्तू ढवळायची आणि नेमक्या क्षणी थांबायचं, एवढंच तर त्यांना आयुष्यभर येत होतं. भागूबाईंनी पातेल्यात वाकून बघितलं. गुठळी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा चीक घेऊन आल्या, आणि त्यांच्या मागून आणखी तिघी.

पावसाळ्यात दादांनी मुगाची खिचडी आणि कढी धरली, कारण घरी कोण किती वाजता येईल याचा भरवसा नव्हता. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, पिठीसाखर आणि घरचं तूप डब्यांत भरून ते गावातल्या बेकरीत नानकटाई भाजून आणायला गेले. भट्टीपुढं बायकांची रांग होती. दादा विसावे होते. रांगेत बसल्या बसल्या त्यांनी तूपसाखर फेसली आणि एक थेंब पाण्याच्या ग्लासात सोडला. तो तरंगला. पुढच्या बाईनं आपलाही वाडगा त्यांच्यापुढं धरला. तिचा बुडाला. "आनखी फेसा," दादा म्हणाले.

दुपारी रतनबाई तालुक्याची मीटिंग आटोपून तिकडेच आल्या. त्यांना पाहताच रांगेतल्या बायकांनी घेरलं. एकीला घरकुलाच्या यादीचं विचारायचं होतं, दुसरीला अंगणवाडीच्या गळक्या छताचं. रतनबाई मैद्याच्या पोत्यावर टेकल्या, पिशवीतून वही काढली आणि एकेकीचं लिहून घेऊ लागल्या. मध्येच कुणी तरी दादांना पंचायतीतलं काही विचारलं. त्यांनी भट्टीकडे बोट दाखवलं; त्यांचे ट्रे आत होते.

ट्रे बाहेर आले. दादांनी एक नानकटाई फुंकर मारून रतनबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी लिहिता लिहिता ती तोंडात टाकली, चावली, वहीचं पान उलटलं.

"येलदोडा कमी पडला," त्या म्हणाल्या.

"व्हय," दादा म्हणाले, आणि दुसरा ट्रे उतरवायला गेले.