इंद्रभानची पळी

बीबी गावाच्या पंचक्रोशीत लग्न कोणाचंही असो, वांग्याची भाजी इंद्रभान आचाऱ्याचीच. शेवटची पंगत उठल्याशिवाय आपण जेवायचं नाही, हा त्याचा नेम. तोवर पोटात फक्त पळीभर रस्सा. एकदा मिठासाठी, एकदा तिखटासाठी, आणि मग उगीच, जीव राहत नाही म्हणून.

अलीकडे मात्र चुलीपेक्षा जास्त आग त्याच्या छातीखाली होती. जरा बस म्हटलं तर म्हणायचा, "बसलो का मंग उठवाले माणूस लागते."

डॉक्टर धम्मशीलाबाईंनी गोळी दिली. उपाशीपोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी. महिना झाला तरी आग तशीच.

"गोळी कधी घेता?" बाईंनी विचारलं.

"जेवणाआधीच. शेवटची पंगत बसली का."

"आणि त्याआधी काही खात नाही?"

"नाई. निस्तं चाखतो."

बाहेर रांग होती, बाईही दमल्या होत्या. तरी त्यांनी समजावलं. पोटाच्या अस्तरात बारीक बारीक दारं असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर झिरपतं. शेजारचा पंप ते परत आत ओढतो आणि बदल्यात आम्ल बाहेर सोडतो. घास राहू द्या, फोडणीचा वास आला तरी हे सगळं सुरू होतं. गोळी हा पंपच बंद करते, पण तो सुरू होण्याआधी घेतली तर. "हे चाखणं आहे की जेवण, ते पोटाला कसं कळणार?"

"म्हंजे माह्या पोटात सकायपासूनच पंगत बसेल हाय, अन् वाढाले कोणीच नाई."

"तसंच. गोळी सकाळी उठल्याबरोबर घ्या, अर्ध्या तासानं पोटभर खा. दुपारीही वेळेवर जेवा. आणि पळी दुसऱ्याच्या हातात द्या."

गोळीचं जमलं. पळीचं जमेना. न चाखता भाजी उतरवायची तर तो आचारी कसला? शेवटी पुढच्या लग्नात त्यानं पळी बायकोच्या, बनाबाईच्या हातात दिली आणि चुलीपासून लांब, पालथ्या घमेल्यावर जाऊन बसला.

बनाबाईनं चाखलं. "मीठ कमी हाय."

"मंग टाक."

"किती?"

"मी न चाखता कसं सांगू बाई?"

तिनं अंदाजानं मूठ सोडली. पुन्हा चाखलं, पुन्हा चिमूटभर. इंद्रभान पहिल्याच पंगतीत जेवला. शेजारचे कारभारी बोटं चाटत म्हणाले, "आज हात बसला बरं तुझा." त्यानं मान खाली घालून भाकर मोडली. पोट शांत होतं.

शेवटची पंगत उठली तेव्हा बनाबाई भिंतीला टेकून जेवायला बसली. दिवसभर तिच्याही पोटात पळीभर रस्साच होता. इंद्रभाननं तिच्याकडे पाहिलं, खिशातली गोळ्यांची पट्टी काढली आणि तिच्या ताटाशेजारी ठेवली.

"आता हे तुले लागन."

"राहू द्या तिकडं," बनाबाई म्हणाली. "पहिले भाजी वाढा, काई उरली असन तं."