कपाटाखालच्या बाईसाहेब

तक्रार अशी होती, की लिफ्ट तळमजल्याला आली की कुरकुरते. "रडल्यासारखा आवाज येतो, मिस्त्री," वॉचमन फोनवर म्हणाला. "बायाबापड्या घाबरतात."

मिस्त्री एकवीस वर्षं लिफ्टची कामं करत होते. नुसत्या आवाजावरून त्यांना मशीनचं दुखणं कळायचं. रडल्यासारखा आवाज म्हणजे वंगण संपलंय, एवढं मनाशी धरून ते तेलाची कुपी घेऊन गेले. लिफ्ट वर नेऊन बंद केली, तळमजल्याचं दार किल्लीने उघडलं आणि खाली बॅटरी मारली. प्रत्येक लिफ्टखाली माणूसभर खोल असा एक खड्डा असतो. वरून ये-जा करणाऱ्यांना तो कधी दिसत नाही. मिस्त्रींना आजवर तिथे किल्ल्या सापडल्या होत्या, कानातली सापडली होती, एकदा तर दातांची कवळी सापडली होती. त्या दिवशी दोन डोळे चमकले.

मांजरी होती. वंगणाने इतकी माखलेली की मूळ रंग कोणता ते सांगता येऊ नये. मागचा डावा पाय भलत्याच कोनात वळलेला. मिस्त्री शिडीने खाली उतरले, अंगातलं जाकीट काढून तिच्यावर टाकलं आणि तिला उचललं. तिने जाकिटातून त्यांच्या अंगठ्याला असा चावा घेतला, की दात आरपार गेले की काय असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी हात सोडला नाही. शिडीवर एका हाताने तोल सांभाळत वर आले, तेव्हा वॉचमन म्हणाला, "मिस्त्री, तेल घालून झालं?"

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पाय वाचवायचा प्रयत्न केला, पण वाचला नाही. आठ दिवसांनी त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. मांजरी आता तीन पायांवर उभी राहत होती, धुऊन स्वच्छ झाली होती आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती.

"हिला आता रस्त्यावर सोडता येणार नाही," बाई म्हणाल्या. "घर बघावं लागेल."

"कोण बघणार?"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मिस्त्रींचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक बंद केलेली गॅलरी. घरात ते आणि बायको. बायकोला लग्नाच्या आधीपासून दमा. धूळ चालत नाही, उदबत्ती चालत नाही, लोकरीचा स्वेटरसुद्धा चालत नाही. हे सगळं माहीत असूनही मिस्त्री खोकं घेऊन दारात उभे राहिले. बायकोने वाकून भोकातून आत पाहिलं.

"अहो, इतक्या वर्षांत माझ्यासाठी कधी साधं फूल आणलं नाहीत," ती म्हणाली. "आणलंत ते हे?"

"दोनच दिवस. तोवर कुणी ना कुणी मिळेल."

"मिळेल, मिळेल," म्हणत तिने नाकातोंडावर ओढणी गुंडाळली आणि गॅलरीतल्या कपाटाशेजारी पाण्याची वाटी ठेवली. खोकं उघडताच मांजरी सरळ कपाटाखाली गेली. बाहेर यायचं नावच घेईना. खाणं ठेवून दोघं आत गेली की तेवढ्यापुरती यायची, वाटी चाटूनपुसून साफ करायची आणि परत आत. हाक मारली तर कानही हलवायची नाही. बायको तिला बाईसाहेब म्हणायला लागली. "बाईसाहेबांचं जेवण झालंय. बाईसाहेबांनी भेट नाकारलीय."

दोन दिवसांचे दहा झाले. बायको काही बोलली नाही, पण मिस्त्रींना आवाज कळायचे. शेजारी झोपलेल्या माणसाच्या छातीतली शीळ रोज थोडी चढत होती, आणि सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप आता दुपारीही लागत होता. अकराव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "आता हिला द्यायलाच हवी."

"द्या की. पण हातावेगळी करायची म्हणून कुणालाही नाही द्यायची. घरात कुत्रा आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, गावाला गेले तर मागे कोण बघणार, सगळं विचारायचं."

"मुलीला स्थळ बघतोय का मी?"

"त्याहून नीट बघा. ही बिचारी परत येऊन तक्रारही करायची नाही."

मिस्त्रींच्या हाताखाली साठेक इमारती होत्या. कुठली लिफ्ट कुठल्या मजल्यावर हिसका देते ते त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण त्या मजल्यांवर दारांमागे कोण राहतं, याचा त्यांना पत्ता नव्हता. एकवीस वर्षांत पाणी मागण्यापलीकडे त्यांनी कुणाची बेल वाजवली नव्हती. आता काम संपलं की हात पुसून ते एकेक बेल वाजवू लागले. दार उघडणारा प्रत्येकजण आधी विचारायचा, "लिफ्ट बंद आहे का?"

"नाही, चालू आहे. तुम्हाला मांजर हवंय का?"

माणसं गोंधळून जायची. एकीने रंग विचारला, कारण तिचा सोफा नुकताच पांढरा केला होता. एका दुकानदाराला उंदरांसाठी मांजर हवंच होतं, पण तीन पाय म्हटल्यावर त्याने असा चेहरा केला, जणू मिस्त्री त्याच्या गळ्यात मोडकं यंत्र मारायला आले होते. बऱ्याच जणांना पिल्लू हवं होतं. एका आजोबांनी मिस्त्रींना बसवून घेतलं, चाळीस वर्षांपूर्वीच्या आपल्या बोक्याची सगळी कहाणी सांगितली, डोळे पुसले आणि म्हणाले, "पण आता नको बुवा."

शेवटी एक तरुण जोडपं मिळालं. दोघं घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारी, खिडक्यांना जाळी, कुत्रा नाही. बायकोच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर आली. त्यांनी मऊ बिछाना आणला, खेळणी आणली, मांजरीसाठी छोटी शिडीही आणली. मिस्त्री मोकळ्या खोक्यासह घरी आले तेव्हा बायकोने गॅलरी झाडायला घेतली आणि अर्ध्यावरच सोडून दिली.

पाचव्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. "काका, तुम्ही येऊ शकाल का?"

मिस्त्री गेले. मांजरी पलंगाखाली होती. मुलगी रडून रडून लाल झाली होती. "आम्ही सगळं केलं हो काका. तासन् तास जमिनीवर पडून हाका मारल्या. ती आमच्याकडे बघतसुद्धा नाही. आम्हाला वाटलं होतं, कुणीतरी जवळ येईल, मांडीवर बसेल. हे म्हणजे घरात कुणीतरी आपल्यावर रुसून बसल्यासारखं वाटतं सारखं."

मिस्त्री रागावायचंच ठरवून आले होते, पण राग येईना. मुलं वाईट नव्हती. त्यांनी पलंगाखाली हात घातला, पुन्हा एकदा चावून घेतलं आणि खोकं काखेत मारून निघाले.

वाटेत त्यांच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. खड्ड्यात किती दिवस होती कोण जाणे. डोक्यावर एवढं मोठं धूड दर दोन मिनिटांनी खाली येतंय, हातभर अंतरावर थांबतंय आणि परत वर जातंय. ते पाहिलेल्या जिवाला आता काहीच अंगाजवळ यायला नको असेल, तर त्यात रुसणं कसलं? आणि राहायला जागा हवी तर आधी लाड करून घ्यायचे, हे कुणी ठरवलं? ते स्वतःही काही फार बोलके नव्हते. बायको तीस वर्षं त्यांच्याशी संसार करत होती, आणि ते गप्प बसले की तिने कधी खोक्यात घालून परत पाठवलं नव्हतं.

"परत आली," दारातून ते म्हणाले.

"बरं झालं. कपाटाखालचं मी झाडलंच नव्हतं," बायको म्हणाली, आणि ओढणी शोधायला आत गेली.

ज्यांना मिस्त्री पुढे सिस्टर म्हणू लागले, त्या भेटल्या जिन्यात. महिन्याच्या सर्व्हिसिंगसाठी मिस्त्रींनी एका इमारतीची लिफ्ट बंद केली होती. पाचव्या मजल्यावर दार उघडून काम करत असताना एक बाई भाजीची पिशवी घेऊन जिना चढून आल्या. मिस्त्री ओशाळून म्हणाले, "माफ करा हं, अर्ध्या तासात चालू होईल."

"माझ्यासाठी घाई करू नका. मी लिफ्ट वापरतच नाही."

"भीती वाटते?"

"छे हो. चौतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होते. तिथे लिफ्ट पेशंटसाठी, आम्ही जिन्यानं. पायांना तेच वळण पडलंय." त्या कठड्याला टेकून दम खात होत्या. मिस्त्रींनी, आता सवयच झाली होती म्हणून, विचारून टाकलं, "तुम्हाला मांजर हवंय का?"

बाई हसल्या नाहीत. "काय करते?" त्यांनी विचारलं.

एवढ्या दिवसांत मिस्त्री मांजरीचे गुण फुगवून सांगायला शिकले होते. त्या दिवशी त्यांना कंटाळा आला. "खरं सांगू? काहीच करत नाही. कपाटाखाली बसते. हात लावला तर चावते. एका घरातून परत आलीय."

"बसू दे की. मी कुठे तिला कामावर ठेवतेय?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.

सिस्टरांनी त्यांना सहाव्या मजल्यावरच्या आपल्या घरी नेलं. एक खोली, स्वयंपाकघर, एक पलंग, एक खुर्ची, आणि भिंतीला लागून एक उंच पायांचं कपाट. मिस्त्रींनी आधी कपाटाखाली वाकून पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "मी भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात होते. तिथे कुणाला हात लावून धीर देता येत नाही. हात लागला की माणूस ओरडतो. मग काय करायचं? खुर्ची ओढून बसायचं. त्याला दिसेल असं, पण लागणार नाही असं. नव्या मुलींना वाटायचं, आपण काहीच करत नाही. वर्षभरानं कळायचं त्यांना."

मिस्त्रींना वाटलं, झालं काम. पण सिस्टर पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "तरी मी नाही म्हणणार. मी सहासष्ट वर्षांची. मागेपुढे कोणी नाही. मांजरं पंधरा-पंधरा वर्षं जगतात. उद्या मला काही झालं, तर ही दोनदा घरातून निघालेली होईल. तिसऱ्यांदा हिला कोण विचारणार?"

मिस्त्रींनी खिशातून फोन काढला, बायकोला लावला आणि जे झालं ते सगळं सांगितलं.

"त्यांना फोन द्या," ती म्हणाली. मग सिस्टरांच्या कानाला लावलेल्या फोनमधून मिस्त्रींना अर्धंमुर्धं ऐकू आलं, "ताई, तुम्हाला काही झालं तर ती आमच्याकडे येईल. माझा शब्द. दम्याचं मी बघेन, तुम्ही त्याची काळजी करू नका. आणि हो, खिडकीला जाळी आहे ना?"

सिस्टरांनी खिडकीकडे पाहिलं. "नाही. लावून घेते." मिस्त्री म्हणाले, "ती मी लावतो." दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाळी बसवली आणि जाळीबरोबरच मांजरी आणली. ती खोक्यातून निघाली आणि कपाटाखाली गेली. सिस्टरांनी खुर्ची कपाटापासून चांगली लांब ओढली, तिच्याकडे अर्धवट पाठ करून बसल्या आणि पेपर वाचू लागल्या.

त्यानंतर दर महिन्याला काम आटोपलं की मिस्त्री सहाव्या मजल्यावर चहाला थांबत. सिस्टर वॉर्डातल्यासारखी खबर देत. "जेवण व्यवस्थित. झोप व्यवस्थित. परवा दुपारी तीन फरश्या बाहेर आली होती, कुकरची शिट्टी झाली आणि गेली आत." तीन फरश्यांच्या चार व्हायला पावसाळा उलटला. एकदा तर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, पण सिस्टरांनी खुशीत येऊन "अगंबाई!" म्हटलं आणि पुढचा पंधरवडा सगळं मुसळ केरात. ही गोष्ट सांगताना त्या स्वतःवरच इतक्या चिडल्या होत्या की मिस्त्रींना हसू आवरेना.

दिलेल्या शब्दाची वेळही एकदा आली. सिस्टरांचा पाय जिन्यात घसरला, खुबा मोडला, आणि पाच आठवडे त्यांना ज्या हॉस्पिटलात उभा जन्म गेला तिथेच आडवं पडून राहावं लागलं. मांजरी मिस्त्रींच्या गॅलरीत राहिली. बायकोने पाचही आठवडे ओढणी सोडली नाही, डॉक्टरांची बोलणी खाल्ली, दोनदा वाफ घ्यायला दवाखान्यात जाऊन आली. मिस्त्रींनी एकदा दबक्या आवाजात विचारलं, "दुसरीकडे कुठे बघू का थोडे दिवस?" तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

सिस्टर घरी आल्या त्या लिफ्टने, आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच इमारतीच्या लिफ्टने. मिस्त्री त्यांच्या शेजारी उभे होते, एका हातात खोकं, दुसऱ्या हातात कुबडी. बायको मागे राहिली नव्हती, तीही आली होती. खोकं उघडलं. मांजरी नेहमीप्रमाणे कपाटाकडे गेली, पण खाली शिरली नाही. कपाटाच्या पुढ्यात थांबली, खोली हुंगली, पलंगावर टेकलेल्या सिस्टरांकडे एकदा पाहिलं. मग त्या तिघांकडे पाठ करून फरशीवर आडवी झाली आणि तिने डोळे मिटले.

कुणीच हललं नाही. मिस्त्रींना वाटलं, सिस्टरांना वाईट वाटलं असेल. पाच आठवड्यांनी भेट झाली आणि हिने पाठ फिरवली. पण त्यांचा चेहरा वेगळंच सांगत होता.

"पाठ केली," त्या पुटपुटल्या. "भीती वाटत असेल तिकडे कुणी पाठ करत नाही हो."

बायकोने ओढणी जरा खाली केली आणि नीट बघून घेतलं. तिला खोकला यायला लागला होता. तो कसाबसा दाबत ती हळूच दाराबाहेर निघून गेली, आणि पावलांचा आवाज होऊ नये म्हणून मिस्त्री बूट हातात घेऊन अनवाणीच तिच्यामागून गेले.