बकरीच्या गळ्यातली दोरी

चहा जरा निवू द्या, तोवर माझाच एक पराक्रम सांगतो. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हे करावं का, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

मी तेव्हा जळगावला मास्तर होतो. चुलतभाऊ भटूच्या लग्नासाठी दोंडाईचाजवळच्या आमच्या गावी आलो होतो. सकाळ अगदी साधी होती. मांडवात बायका भटूला हळद लावत होत्या, मी ओट्यावर दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण असताना माझा थोरला भाऊ आला आणि टोपी काढून पायरीवर बसला.

"इंजिननी स्प्रिंग तुटनी."

झालं! भाऊचा ट्रक म्हणजे लष्कराच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा म्हातारा गडी. त्याच ट्रकमधून दुपारी वऱ्हाड नरडाण्याला निघायचं होतं. लग्न गोरज मुहूर्तावर. आणि हा पायरीवर बसून सांगतोय, स्प्रिंग तुटली!

"मग आता?" मी विचारलं.

"आते काय? घरीच बदलू. पेटीमा जुनी एक शे."

मी उरलेली दाढी तशीच सोडून त्याच्या मागे धावलो. इंजिन उघडणार म्हटल्यावर मला कुठला धीर! लहानपणी घड्याळ उघडल्याबद्दल मार खाल्लेला माणूस मी.

आता जरा नीट ऐका, म्हणजे पुढचा गाढवपणा कळेल. इंजिनात व्हॉल्व्ह असतात, त्यांना वर ओढून धरते ती ही स्प्रिंग. ती काढली की व्हॉल्व्ह सुटतो आणि खाली सिलिंडरमध्ये पडू शकतो. मग अख्खं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडा! पण भाऊला एक युक्ती ठाऊक होती. प्लग काढायचा, त्याच्या भोकातून सुताची दोरी आत सारायची आणि हँडल मारून पिस्टन वर आणायचा. दोरीची उशी होते, व्हॉल्व्ह तिच्यावर टेकतो, पडत नाही.

"पण दोरी जळणार नाही का?" मी.

"इंजिन बंद शे, मास्तर."

"आणि आत अडकली तर?"

"एक टोक भायेर ठेवानं. तेच तुन्हं काम. दोरी धरानी, काम व्हयनं की काढी लेवानी. बस. दुसरं काहीच नही."

इतकं सोपं काम आयुष्यात मला दुसऱ्या कुणी दिलं नाही.

भटू हळदीने पिवळाधमक होऊन, हातात नवरदेवाची सुरी घेऊन दारात उभा होता. हळद लागल्यावर उंबऱ्याबाहेर जायचं नाही, म्हणून तिथूनच विचारायचा, "भाऊ, व्हयनं का?"

"व्हई राह्यनं!"

पुन्हा थोड्या वेळाने, "व्हयनं का?"

"तू सुरी संभाळ! आमले दुरूनच मारशी!"

भाऊने स्प्रिंग दाबली, व्हॉल्व्हच्या मानेतले बारीक लॉक काढले, पेटीतली बसवली, लॉक परत घातले. मी श्वास रोखून बघत होतो. बसली की हो! भाऊने हँडल थोडं उलटं फिरवलं, "काढ आते दोरी," म्हणाला आणि हात धुवायला हौदाकडे गेला. मी दोरीला हात घातला, तोच आई किंचाळली,

"बकरी! अरे, बठ्ठा मांडव खाई टाकी ती!"

बकरी मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्यांना लागली होती. मी धावत गेलो, तिला धरलं, लिंबाला बांधलं आणि आलो. आईने चहा दिला. मी कप घेऊन प्लगच्या भोकात एक डोळा घालून बसलो. आत काय दिसतं? काळोख. पण किती सुंदर काळोख!

भाऊ आला. "काढी का दोरी?"

मी भोकाकडे पाहिलं. बाहेर टोक नाही. हाताकडे पाहिलं. हातात कप.

"काढली असेल," मी म्हणालो.

"काढी व्हई तर दखाड."

आता वर्गात मी काय शिकवतो? जे दाखवता येत नाही ते सिद्ध झालं असं मानायचं नाही! दोरी दाखवता येईना, म्हणजे काढलेली नाही. बाहेर नाही, म्हणजे आत आहे. शास्त्राला धरून नाही का?

भाऊने तारेचा आकडा करून आत फिरवला. काही लागेना.

"नही रे आतमा काही."

"कोपऱ्यात गोळा होऊन बसली असेल," मी ठामपणे म्हणालो. "हेड उघडायलाच हवं."

"हेडखालनं गॅसकेट फाटी. नवं ते धुळे शहरमाच भेटस. मास्तर, नक्की?"

"नक्की!"

मी शिकलेला ना! भाऊने पाना उचलला.

लिंबाखाली बकरी सारखी ओरडत होती. "तिला कोणी गप्प करा रे, इथे महत्त्वाचं काम चाललंय!" असं मीच दोनदा खेकसलो.

हेड निघालं. गॅसकेटचे दोन तुकडे झाले. आणि पिस्टन? पूजेला घासलेल्या ताम्हनासारखा स्वच्छ. दोरीचा धागासुद्धा नाही.

मग दारातून भटूचा आवाज आला.

"मास्तर, त्या बकरीना गळामा काय शे?"

भाऊ उठला. लिंबाकडे गेला, बकरीच्या गळ्यातली तेलकट दोरी सोडली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "निंघनी रे, दोरी!"

बस, इतकंच. त्यावर एक शिवी नाही.

वऱ्हाड बैलगाड्यांतून दोंडाईचा स्टेशनला गेलं आणि तिथून पॅसेंजरने नरडाण्याला. नवरदेव बाशिंग आणि सुरी सांभाळत दारात उभा, म्हणून डब्यात कोणी चढेना. मुहूर्त जेमतेम सापडला. मंगलाष्टकांत मात्र वऱ्हाडी अक्षता भटूवर कमी आणि माझ्या अर्ध्या दाढीवर जास्त टाकत होते.

भाऊने ती दोरी ट्रकच्या केबिनमध्ये, आरशाच्या वर टांगली. कोणी विचारलं की छाती काढून सांगायचा, "मन्हा भाऊनी काढेल दोरी शे. जळगावले मास्तर शे तो!" पुढे गाडीचं इंजिन बदललं, टप बदलला, दोरी तिथेच होती.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेला. गाडी चालवणारं कोणी उरलं नाही, तेव्हा जळगावचा भंगारवाला ती न्यायला आला. केबिन मीच रिकामी केली. देवाचा फोटो घेतला, भाऊचा टॉवेल घेतला, पेटीतले पाने एकेक पुसून घेतले. गाडी नाल्याच्या वळणावर गेली, तेव्हा मागच्या काचेतून काहीतरी हलताना दिसलं.

दोरी काढायची राहिली.