इंदिराबाईंची नजर आणि फुकटचा टीव्ही

गुजरातेत, दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या टीव्हीवर चित्र अडकलं, आवाज गेला, किंवा 'पैसे भरा' अशी पाटी आली, की मेकॅनिकला कुणी फोन करत नाही. खिडकीतून हाक जाते, "इंदिराकाकू, जरा येता का?" आणि इंदिराबाई शिर्के पदराला हात पुसत हजर होतात. रिमोट हातात घेतात, चष्म्यावरून बघतात आणि आधी घरच्यांना झापतात. "असला कसला गोंधळ घालून ठेवलाय गं? आणि पैसे कशाचे भरता? हेच सगळं फुकट दिसतं!"

फुकट या शब्दावर बाईंचा भारी जीव. नेटचे पैसे आपण भरतोच, मग वर आणखी डिशचे कशाला? फुकट ते पौष्टिक! एके दिवशी त्यांनी गच्चीवरची डिश उतरवून घेतली. त्या डिशमध्ये आता कबुतरांना ज्वारी टाकतात. नवरा सुभानराव, रेल्वेतून निवृत्त झालेला शांत माणूस. "बातम्यांचं काय?" एवढंच त्यांनी विचारलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे बातम्यांचे इतके फुकट चॅनेल उभे केले की बिचारे रेडिओ ऐकायला लागले.

पण खोटं कशाला बोला, बाईंनी त्या पडद्यातून काय काय शोधून काढलं म्हणता! सकाळी कोकणातल्या कुठल्याशा देवळातली आरती, दुपारी जुनी मराठी नाटकं, संध्याकाळी एक परदेशी बाबा पोपटाला बोलायला शिकवतो ते. त्या बाबाचं एक अक्षर कळत नाही, पण पोपटाची प्रगती बाईंना तोंडपाठ. जाहिराती लागल्या की बाकीचे वैतागतात, बाई उठून कुकर लावतात. "फुकट बघायचं तर एवढं भाडं द्यायलाच हवं," म्हणतात. त्यांच्या टीव्हीला बोलून हुकूम सोडता येतो. मराठीत सांगितलं तर तो भलतंच काही लावतो, म्हणून बाई त्याच्याशी गुजरातीत बोलतात, तेही दमात घेऊन. मग मुकाट्यानं लावतो.

या फुकटच्या टीव्हीत खोड एकच. नेटवरून येणारं चित्र रमतगमत येतं. वरच्या मजल्यावरचे मयंकभाई क्रिकेट मोबाइलवर बघतात. त्यांच्याकडे चित्र आधी पोचतं, बाईंच्या मोठ्या टीव्हीवर चांगलं अर्ध्या-पाऊण मिनिटानं. त्यामुळे इकडे गोलंदाज अजून धावतोय तोवर वरून मयंकभाईंची आरोळी, "गयो! गयो!" सगळी मजाच जायची. शेवटी एकदा बाई जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "मयंकभाई, मोंमां मग भरो!" तोंडात मूग भरा आणि गप्प बसा! मयंकभाई हसले आणि पुढचा सामना खरोखर तोंडावर रुमाल धरून बघितला.

एवढं सगळं बघणाऱ्या बाईंनी एक गोष्ट मात्र कधी धड बघितली नव्हती. आपल्या नातीचा खेळ.

नात कोमल, मुलगा आशयची मुलगी. ती मंडळी छाणीला राहतात. पोरगी खो-खोत गुजरातच्या संघात खेळते, आणि तिला खो-खोचं वेड लावलं ते आजीनंच. इंदिराबाई मूळच्या फलटणच्या, शाळेत असताना मैदान गाजवलेल्या. सुट्टीत कोमल राहायला आली की बाई पदर खोचून गल्लीत उतरायच्या, उभ्या स्कूटरच्या भोवती तिला हुलकावणी शिकवायच्या. "पाय इकडे दाखव, पळ तिकडे!" पोरगी तयार झाली, मोठ्या मैदानावर गेली. मोठ्या हौसेनं आजी बघायला गेल्या, आणि बघता बघता कोमल बाद झाली. पुढच्या वर्षी नडियादला गेल्या, तिथेही तेच. पुरतं टेकताही आलं नव्हतं, तोवर पोरीच्या पाठीवर थाप पडली.

झालं! बाईंच्या मनानं घेतलं. आपली नजर लागते पोरीला. त्या दिवसापासून त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. कोमल बोलवायची, आशय गाडी घेऊन यायचा, पण बाईंचे गुडघे नेमके त्याच दिवशी दुखायचे. खरं कारण फक्त सुभानरावांना ठाऊक. रात्री आशयचा फोन आला की बाई खोदून खोदून विचारायच्या, कशी धावली, कुठून वळली, आणि मग उगाच डोळे पुसत बसायच्या.

आणि या वर्षी कोमलचा संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात! सामना भुवनेश्वरला, समोर महाराष्ट्र, आणि नेटवर फुकट दाखवणार! गल्लीत बातमी फुटली आणि समोरच्या कौमुदीनं लगेच चिमटा काढला, "काय काकू, माहेर की नात?"

"माहेरानं मला खेळ दिला, आता माझी नात तो त्यांना दाखवेल," बाई म्हणाल्या. पण घरात आल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "अहो, टीव्हीतून नजर लागते का हो?"

सुभानरावांनी पेपर खाली ठेवला, विचार केला. "मध्ये काच असते ना. नाही लागायची."

बाईंना ते पटलं. काय आनंद झाला म्हणता! सकाळीच खंडेराव मार्केटातून भाजी आणली, बटाट्याचा ओलसर लिलो चिवडो आणला, सगळ्या गल्लीला आवतण दिलं. टीव्हीसमोर सतरंज्या पसरल्या. स्वतःची वेताची खुर्ची डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी. आशय आणि सून कोमलबरोबर गेलेले, त्यांच्या फोनवर कोमलला सांगून झालं, "मी बघतेय हं, घरून, टीव्हीवर! आपल्या खुर्चीत बसून!"

चित्र आलं. लाल मातीऐवजी हिरवी गादी, लखलखाट, आणि त्यात निळ्या जर्सीत कोमल! "ती बघा! ती बघा माझी!" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. आधी गुजरातचा पाठलाग झाला, मग शिट्टी वाजली, महाराष्ट्राच्या मुली पाठलागाला सुटल्या. कोमल एकदा वळली, दुसऱ्यांदा वळली, आणि खांबापाशी त्यांच्या एका मुलीनं असा लांबलचक सूर मारला की कोमलच्या टाचेला तिची बोटं लागली. बाद.

घरात चिवडा खायचाही आवाज येईना. बाई उठल्या. "काचेतूनही लागते मेली," एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

कौमुदी मागे गेली, सुभानराव गेले. उपयोग शून्य. "माझ्या हौसेपायी पोरीचं वाटोळं नको. तुम्ही बघा. मला नाही बघायचं!" असं म्हणून बाईंनी पीठ मळायला घेतलं. महाराष्ट्रानं पाठलागात गुण वसूल केले, मग पुन्हा गुजरातच्या मुलींनी. बाहेर आरडाओरडा चाललेला, आणि बाई आत पिठाला असं तिंबत होत्या की कणीक म्हणाली असेल, माझं काय चुकलं!

शेवटचा डाव आला. गुजरात एका गुणानं पुढे, पाठलाग महाराष्ट्राचा. एक गडी टिपला की बरोबरी, दोन टिपले की सामना गेला. आणि तिघींच्या तुकडीतली मैदानात उरली होती एकटी कोमल; ती गेली की पुढची तुकडी आत. कौमुदी बाहेरून ओरडून सांगत होती, "काकू, एकटी आहे हो! एकटी!" बाईंचे हात थांबले. तेवढ्यात वरून मयंकभाईंचा आवाज आला, "वाह रे वाह!" बाहेर मात्र सगळे चिडीचूप. बाईंनी कान टवकारले. जरा वेळ गेला, आणि मग दिवाणखान्यातून तसाच गलका उठला, "वा! काय वळली!"

आधी वरून, मग बाहेरून.

बाई कणकेच्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. अगंबाई! जी बाई साऱ्या गल्लीला टीव्ही शिकवते, तिच्याच डोक्यात हे शिरू नये? बाहेर दिसतंय ते घडून गेलेलं आहे. भुवनेश्वरला व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं. झालेल्या गोष्टीला कसली बोडक्याची नजर लागते?

"सरका! सरका सगळे!" बाई धावत बाहेर आल्या. वाटेत दारातून जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "मयंकभाई! मोंमां मग भरो!" आणि धपकन खुर्चीत बसल्या. "आता बघते. आता मी पोटभर बघते. माझी नजर तिकडे पोचेपर्यंत पोरगी पुढे गेलेली असते!"

आणि काय धावली म्हणता कोमल! डावीकडे खांदा दाखवून उजवीकडे सटकली, दोघी बसलेल्यांच्या मधून सापासारखी गेली, खांबाला गिरकी घेतली. "पाय दाखव! पाय इकडे दाखव!" बाई ओरडत होत्या, आणि पोरीनं अगदी तस्साच पाय दाखवला. पाठलाग करणारी फसली! "आपल्या स्कूटरच्या भोवती शिकवलंय हे!" बाईंनी सुभानरावांच्या खांद्यावर असा गुद्दा घातला की पीठ उडालं. सुभानराव, जन्मात आवाज न चढवलेला माणूस, खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "पळ बाळा! पळ!"

इतक्यात दारात मयंकभाई येऊन उभे राहिले. त्यांच्या मोबाइलवर सामना संपला होता. दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलेलं, डोळ्यांतून पाणी. माणूस हसतोय की रडतोय काही कळेना. सगळ्या माना तिकडे वळल्या.

"तिकडे बघू नका! आणि मयंकभाई, एक शब्द काढाल तर वर्षभर चहा बंद!" बाई पडद्यावरची नजर न हलवता गरजल्या.

ती सूर मारणारी मुलगी पुन्हा आली. कोमल खांबापाशी. बाईंनी खुर्चीचा हात आवळला, पण डोळे मिटले नाहीत. मुलगी हवेत झेपावली, कोमलनं अंग चोरलं, बोटं वाऱ्यावर गेली, आणि शिट्टी! शेवटची शिट्टी! मयंकभाईंनी तोंडावरचे हात काढले आणि जी आरोळी ठोकली, ती म्हणे पार गल्लीच्या टोकाच्या देवळापर्यंत ऐकू गेली. कौमुदीनं बाईंना मिठी मारली. बाई रडत होत्या, हसत होत्या, कणकेचे हात सगळ्यांच्या तोंडाला लागत होते.

फोन आला तेव्हा घर अजून भरलेलंच होतं. "आजी! बघितलंस?"

"बघितलं गं माझे बाई! पहिल्या डावात तू बाद झालीस तेव्हा वाटलं, माझी नजर लागली बघ तुला. त्या दोन सामन्यांत लागली होती तशी. म्हणून तर मी येत नाही तुझ्या मैदानावर." इतक्या दिवसांचं गुपित आनंदाच्या भरात तोंडातून निसटलं.

पलीकडून कोमल म्हणाली, "म्हणून येत नव्हतीस? आणि ते गुडघे? आजी, आज त्या पोरीनं सूर भन्नाट मारला, त्यात तुझा काय संबंध! पण त्या दोन सामन्यांत मी तुझ्यामुळेच बाद झाले, ते खरंय."

बाईंचा चेहरा पडला.

"मी गर्दीत तुला शोधत होते गं! आजी कुठे बसलीये, तिला दिसतंय का, ऊन तर लागत नाही ना. मान वळवली की थाप. दोन्ही वेळेला. आज कशाला शोधू? तू आपल्या खुर्चीत बसलीयेस, डाव्या बाजूला, हे मला माहीतच होतं."

बाईंनी खुर्चीकडे बघितलं. अर्ध्याहून जास्त सामना ती रिकामी होती. सुभानराव खाकरले. बाईंनी त्यांच्याकडे असे डोळे वटारले की त्यांनी पटकन चिवड्याची बशी उचलली.

"कोमल, ऐक," बाई म्हणाल्या. आवाजात दम होता. "पुढच्या सामन्याला मी येणार. कुठे बसणार ते आदल्या दिवशी सांगेन. मग मान वळवलीस तर बघ!"