दारातला उजेड

ताईचं पार्लर आमच्या पुढच्या खोलीत होतं. नव्वदच्या दशकात तिच्याकडे पहिल्यांदाच मेकअप शिकायला येणाऱ्या मुलींना एकच हवं असायचं : केलेला कळू नये. आणि चूकही सगळ्या एकच करायच्या. आपल्या रंगाहून उजळ शेडचं फाउंडेशन घेऊन यायच्या. ताई त्यातलं थोडं त्यांच्या जबड्याच्या कडेला लावायची आणि म्हणायची, "आता दारात जा." ट्यूबलाइट खोटं बोलते, असं तिचं मत होतं. मुलगी आरसा घेऊन दारात उभी राहिली की आतून ताईचा आवाज यायचा, "काय गं, पिठाच्या गिरणीतनं आलीस व्हय?"

मी कोपऱ्यात वाचत बसलेली असायची. तिनं मला कधी शिकवलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी, तिच्या मुलीच्या लग्नाच्या सकाळी, ताईचे हात थरथरत होते. औषधांनी चेहरा काळवंडला होता, भुवया विरळ झाल्या होत्या. भेटायला येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातच "अगं बाई, काय ही दशा!" म्हणून डोळ्यांना पदर लावायची.

"आज माझ्यासाठी कुणी रडायला नको," ताई म्हणाली. "रडायचं तर पोरीसाठी रडू देत. तू कर माझा मेकअप."

तिची नेहमीची फाउंडेशनची बाटली मी डोळे झाकून उचलली. ओल्या स्पंजनं सगळं लावून झाल्यावर तिला धरून दारात नेलं. चेहऱ्यावर राख बसल्यासारखी दिसत होती. तिनं आरशात बघितलं.

"ही शेड आता माझी न्हाय," ती म्हणाली.

मला पुढचं दिसेना.

"तू रडू नकोस, हात हलतोय. पूस हे. ती गडद बाटली आण, दोन्हीतलं थोडं थोडं हाताच्या पाठीवर मिसळ. घासायचं न्हाय, थापटायचं. करंगळीशेजारच्या बोटानं, त्याला जोर नसतो. भुवईला रेघ ओढू नको, पेन्सिलीनं एकेक केस रेखाट. लिपस्टिकचा नुसता ठिपका गालाला."

पुन्हा दारात गेलो. "जमलं की पुस्तकी किड्याला," ती म्हणाली. तेवढ्यात कार्यालयात न्यायला गाडी आली.

कार्यालयात नवऱ्या मुलाची आत्या तिला न्याहाळत म्हणाली, "तुम्ही आजारी हायसा म्हणत हुते ओ सगळे! कुठं काय, चांगल्या दिसतायसा की."

"जागरण झालंय नुसतं. लग्नघर हाय न्हवं," ताई म्हणाली, आणि पदराआडून तिनं माझा हात दाबला. त्या दिवशी तिच्यासाठी कुणी रडलं नाही.

थंडी संपायच्या आत ती गेली. लग्नाच्या दिवसाचा तिचा फोटो मोठा करायला मी स्टुडिओत दिला. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, चेहरा जरा उजळ करून देऊ? सगळीच करून घेत्यात." त्या दिवसांत मी कुणालाही हो म्हणत होते, नाही म्हणायलाही ताकद लागते. तरी काउंटरवरचा फोटो उचलला आणि दुकानाच्या दारात जाऊन उजेडात धरला.

डाव्या कानाखाली एवढ्याशा जागेत मी फाउंडेशन नीट मिसळलं नव्हतं. ताईला ती जागा त्या सकाळी दारातच दिसली असणार. बोलली नव्हती.

"आहे तसाच द्या," मी म्हणाले.