डागसाहेबांनी फेटाळलेला ग्रह

वेधशाळेच्या तपासणी विभागाचे प्रमुख चोवीस वर्षे एकच कार्य निष्ठेने करीत आले होते: ताऱ्यांभोवती ग्रह सापडल्याचे दावे फेटाळणे. तारा डोलताना दिसला, तर त्याला ओढणारा ग्रह जवळ असू शकतो; परंतु कोवळ्या ताऱ्यांच्या अंगावर मोठाले काळे डाग असतात आणि तारा स्वतःभोवती फिरत असताना तेही तसाच भास निर्माण करतात. या सोयीस्कर सत्याच्या आधारे त्यांनी प्रत्येक कोवळ्या ताऱ्याच्या कागदावर ‘डाग. फेटाळले.’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले. सगळे त्यांना डागसाहेब म्हणत, अर्थात, पाठीमागे.

त्यांची सख्खी भाची तेथेच संशोधक होती. एका दुपारी तिने त्यांच्या टेबलावर एक आलेख ठेवला. वीस लाख वर्षांचा तारा आणि त्याला खेटून नऊ दिवसांत एक फेरी मारणारा, गुरूच्या दहापट वजनाचा ग्रह. चार वाजता दुर्बिणीच्या वेळा वाटणारी समिती बसणार होती. डागसाहेबांची सही नसेल, तर तिचा तारा वर्षभरासाठी बाद.

“मामा, एवढी सही...”

“कचेरीत साहेब म्हणायचं.”

“साहेब, एवढी सही करा.”

“वीस लाख वर्षं म्हणजे ताऱ्याचं रांगायचं वय. एवढा धिप्पाड ग्रह आधी लांब घडणार, मग सावकाश आत सरकणार. इतक्यात दारात येऊन बसेल कसा? काही शिस्त आहे की नाही?”

“त्याला तुमचं परिपत्रक मिळालं नसेल.”

डागसाहेबांनी पेनाचे टोपण काढले. तिने कागदावर हात ठेवला.

“डाग काही काळानं विरतात, नवे भलतीकडेच उगवतात, आणि डोलण्याचा ताल बिघडतो. ग्रहाचा बिघडत नाही. या ताऱ्याचे जुने वेध काढा. ताल जुळला नाही, तर ‘फेटाळले’ मीच लिहिते. पण तुमच्याकडे सापडतील का ते?”

हा मात्र वर्मी घाव होता. डागसाहेबांनी कपाटातून अर्ध्या मिनिटात फाइल काढली. नऊ वर्षांपूर्वीचे वेध. तोच तारा, तेच नऊ दिवस, ताल तंतोतंत तोच. खाली सुवाच्य अक्षरांत: ‘डाग. फेटाळले.’

डागसाहेबांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. फाइल हळूच मिटू लागली.

“लपवलीत तर आईला सांगेन.”

“ताईला कशाला मध्ये आणतेस?”

चाराला दहा मिनिटे कमी असताना त्यांनी सही केली आणि खाली एक ओळ जोडली: ‘या ग्रहाची प्रथम नोंद नऊ वर्षांपूर्वी याच विभागाने घेतली होती.’

“मामा! इथं चक्क फेटाळले लिहिलंय!”

“तो निर्णय. नोंद वरच्या रकान्यात आहे. कागद वाचायला शिक.”

ती धावतच गेली. समितीने तिला चार रात्री दिल्या आणि तपासणी विभागाच्या दक्षतेबद्दल आभाराचा ठराव एकमताने संमत केला. कपाटातील उरलेल्या एकशे बारा कोवळ्या ताऱ्यांना मात्र वेधशाळेत कोणी भाची नाही.